बाईंच्या थाळीत आमचं मीठ

समुद्र मी पाहिला तो म्हातारपणी, पण त्याचा वास मला लग्नानंतर चौथ्या वर्षीच ठाऊक झाला होता. चांद्याकडच्या मूल गावच्या हायस्कुलात सायन्सची एक खोली होती. त्या खोलीच्या खिडकीत एक बुचाची बाटली असायची, आणि बाटलीत कोकणातून आणलेलं समुद्राचं पाणी नि तांबूस शेवाळाचा एक झुबका. बाटली आणली होती शाळेतल्या नव्या बाईंनी. बूच काढलं की खोलीभर कुजका, खारट वास सुटायचा. माझ्या नवऱ्याला तो वास आवडायचा. मला तो आजही नुसता आठवलेला सोसत नाही, आणि ते काही वासामुळे नाही.

माझे यजमान त्या शाळेत सायन्स शिकवायचे. सारं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही त्यांच्या माघारी मास्तरच म्हणायची. जन्म सगळा झाडीत गेलेला माणूस. जंगल, तलाव, धानाच्या बांध्या, यापलीकडे काही पाहिलेलं नाही. समुद्र त्यांना ठाऊक होता तो नकाशातल्या निळ्या रंगाइतका. तरी भरती-ओहोटीचा धडा असा रंगवून शिकवायचे की पोरांना वाटे मास्तर किनाऱ्यावरच वाढले. घरी मात्र बोलणं मोजकं. शाळेतून आले की भात, वरण, थोडं सासूबाईंशी शेतीचं, आणि मग पुस्तक. मी सातवीपर्यंत शिकलेली, वैनगंगेच्या पलीकडची, गडचिरोलीकडच्या गावची मुलगी. मी त्या मोजक्या बोलण्यावर सुखी होते. नवरा बोलत नाही हे दुःख नव्हतंच, कारण तो कुणाशीच बोलत नव्हता.

बाई आल्या आणि कळलं की माणसाला बोलता येतं.

चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता ते दिवस. बाईंचे भाऊ रेल्वेत होते, त्यांची मूल स्टेशनावर बदली झाली. भावाचं घर सांभाळायला बहीण आली, शिकलेली होती म्हणून शाळेत लागली. तिशीच्या आसपासची, बिनलग्नाची, पाचवारी नेसणारी, मनगटाला घड्याळ. दिसायला चारचौघींसारखी. देखणी असती तर मला सोपं गेलं असतं. देखण्या बाईला नावं ठेवायला अख्खा मोहल्ला मदतीला येतो. हिला नावं ठेवायची तरी काय? खाली मान घालून शाळेत जायची, खाली मान घालून यायची. मोहल्ल्यातल्या बायका तर तिची तारीफ करायच्या. मला कुणाचीच साथ नव्हती.

पावसाळा सरेपर्यंत आमच्या घरात "बाई म्हणतात" सुरू झालं होतं. बाई म्हणतात, तलावाचं पाणी गाळून प्यावं. बाई म्हणतात, पोरांना हात लावून शिकवावं. तीन वर्षांत मी किती गोष्टी म्हटल्या असतील, त्यातली एक तरी "बायको म्हणते" म्हणून शाळेत गेली असेल का, असं मी मनातल्या मनात विचारायची. उत्तर ठाऊक होतं, म्हणून तोंडानं विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाई कोकणात गेल्या नि येताना ती बाटली घेऊन आल्या. इथल्या पोरांनी समुद्र पाहिला नाही, निदान चाखू तर दे, असा त्यांचा विचार. सगळ्या वर्गाच्या तळहातावर थेंब थेंब दिला. मास्तरांना राहवलं नाही, ते बाटली एका संध्याकाळी घरी घेऊन आले. सासूबाईंनी आधी पाटावर ठेवायला लावली. साऱ्या नद्या तिथं जातात, आपली वैनगंगाही जात असेल, म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं. वैनगंगा दुसऱ्या समुद्राला मिळते, हे मास्तरांनी सांगून पाहिलं. पाणी काही वेगळं असते का, म्हणून म्हातारीनं त्यांना गप्प केलं. मग मास्तरांनी माझ्या तळहातावर थेंब दिला. मला तेव्हा सहावा सरत आलेला, पहिलंच बाळंतपण, आणि भाताचा वाफारासुद्धा सोसत नव्हता. मी तो थेंब जिभेला लावला नि अंगणात जाऊन थुंकले. मास्तर हसले. म्हणाले, बाईंनी सांगितलंच होतं, तू थुंकशील म्हणून.

म्हणजे माझ्यावर बोलणं झालं होतं. मी काय करीन, कशी करीन, हे त्या खोलीत दोघांनी मिळून ठरवलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. सासूबाईंना वाटलं डोहाळे.

आता ते शेवाळाचं. कोकणात म्हणे पावसाळ्यात समुद्र शेवाळाचे ढीगच्या ढीग किनाऱ्यावर आणून टाकतो, आणि थोड्या दिवसांत ते ढीग नाहीसे होतात. गुरं तोंड लावत नाहीत, माणसं थोडं माडाच्या बुडाला घालतात. मग बाकीचं जातं कुठं? बाईंना हा प्रश्न लहानपणापासून होता. मास्तरांना तो आता पडला. बाईंनी कुठंसं वाचलं होतं की ते डोळ्यांना न दिसणारे जंतू खातात. शेवाळात असते साखरच, पण एकीला एक गुंफलेली, लांबच लांब माळ. एवढी मोठी माळ जंतूला गिळता येत नाही. म्हणून तो आपल्या अंगातला पाचकरस बाहेर सोडतो, बाहेरच माळ तोडतो, आणि सुटलेले मणी आत घेतो. एका प्रकारच्या माळेला एक रस, दुसरीला दुसरा. ज्याच्याजवळ तो रस नाही, तो साखरेच्या ढिगावर बसूनही उपाशी.

हे मास्तरांनी मला चुलीजवळ बसून सांगितलं. आमच्या लग्नानंतर इतका वेळ ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले असतील, आणि ते सगळं बोलणं दुसरीचं होतं. मी विचारलं, साखर आहे तर गोड काऊन लागत नाही? म्हणाले, माळ तुटल्याशिवाय जिभेला कळत नाही. मग म्हणाले, काही जंतू असे लबाड की स्वतः रस सोडत नाहीत, दुसऱ्यानं तोडलेले मणी आयते खातात, असं बाई म्हणतात. मी म्हटलं, यात नवं काय आहे, घरोघरी तेच चाललं आहे. मास्तरांना ते फार मार्मिक वाटलं. उद्या बाईंना सांगतो म्हणाले.

पुढची गोष्ट मी कधी विसरणार नाही. दिवाळीआधी मास्तर नागपूरला गेले होते, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चायना ग्रासचं पाकीट आणलं होतं. पांढऱ्या, चुरगळलेल्या पट्ट्या असतात. त्या पाण्यात उकळून दुधासाखरेत घातल्या की थिजून थरथरीत वडी होते. बहिणीच्या लग्नात मी ती खाल्ली होती आणि डोहाळ्यांत मला तीच आठवत होती. मी न मागता आणलेली, न सांगता आणलेली ती पहिली वस्तू. मी ती फळीवर ठेवली होती. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं, कारण केली की संपणार.

आणि एक दिवस मास्तरांनी ते पाकीट उचललं. चायना ग्रासही समुद्राच्या शेवाळाचाच असतो, हे त्यांना बाईंकडून कळलं होतं. म्हणजे ती वडी ही त्या माळेचीच साखर. तिच्या सपाट वड्या काचेच्या थाळ्यांत थिजवायच्या, एकीवर आपल्या तलावाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, दुसरीवर बाटलीतला, आणि कोण वडी खातो ते पाहायचं. मला म्हणाले, "तुले दुसरं आणून देईन." मी हो म्हटलं. हो म्हणण्यावाचून आमच्याकडे दुसरं काय शिकवलं होतं?

नंतर त्या थाळ्यांत जंतूंना खायला मासळी उकळलेलं पाणीही लागतं असं निघालं. लग्नानंतर एकदाही पिशवी घेऊन बाजारात न गेलेला माणूस ढिवरांच्या बायकांकडून बारीक मासळी घेऊन भर बाजारातून शाळेत गेला. मला शेजारणीनं येऊन सांगितलं. ती हसत होती, मी पण हसले.

त्याच सुमारास माझा भाऊ मुराळी म्हणून मला न्यायला आला. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात न्यायचं, कारण आठव्यात बाईमाणूस रस्त्यावर निघत नाही, आणि नवव्यात बैलबंडीचे धक्के कोण घेणार? भाऊ धानकापणी टाकून, नाव करून वैनगंगा ओलांडून आला होता. मी म्हटलं, अजून पंधरवडा आहे, मग ये. सासूबाईंनी डोळे वटारले. भाऊ बिचारा एकटाच परत गेला. मुराळी रिकामा गेला की माहेरची मान खाली जाते, हे मला कळत होतं. पण मी गेले असते तर तीन-चार महिने गेले असते, आणि ते तीन-चार महिने रोज संध्याकाळी सायन्सच्या खोलीत कंदील लागला असता. शाळेचा शिपाई तिथंच बसून असे, दार उघडं असे, हे मला चांगलं ठाऊक होतं. दार उघडं असून काय? मला त्यांच्या हातांची भीती नव्हती. मला भीती होती त्या बोलण्याची. चार महिने त्या बोलण्याची सवय झालेला माणूस परत माझ्या मोजक्या बोलण्यात मावला नसता. मी घर सोडलं तर परत येईन तेव्हा घर असेल, भांडीकुंडी असतील, मास्तरही असतील, पण माझे नसतील. एवढंच डोक्यात होतं.

थाळ्या ओतायच्या त्या दिवशी बाई आमच्या दारी आल्या. दिवेलागण झाली होती, सासूबाईंनी तुळशीजवळ दिवा नुकताच ठेवला होता. बाई ओसरीखालीच उभ्या राहिल्या नि मूठभर मीठ मागितलं. त्यांच्या घरचं सरलं होतं, दुकान बंद झालं होतं, आणि वडीचं पाणी चुलीवर उकळत होतं. समुद्राच्या जंतूंना मीठ लागतं म्हणाल्या.

सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "दिवे लागले बाई. आता मीठ घराबाह्यर जात नाई. सकाळी पाठवून देतो."

आमच्याकडे तिन्हीसांजेला मीठ, दही, सुई देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. बाईंनाही ते ठाऊक असावं, कारण त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही. बरं म्हणाल्या, आणि अंधारात परत गेल्या. मी दारामागे उभी होते. मला इतकं बरं वाटलं की पोटातलं पोरसुद्धा हललं.

पण सासूबाईंचं सगळं दोन्ही अंगांनी असे. दिव्यावेळी नाही म्हटलं तर सकाळी उठून नेऊन द्यायचं, नाहीतर नाही म्हटल्याचा दोष राहतो. सकाळी त्यांनी पितळेची वाटी शिगोशीग भरली नि माझ्याच हाती दिली. मला जायचं नव्हतं. पण सातव्यातल्या सुनेनं चार पावलं चालावं, असंही त्यांचं म्हणणं होतं. मी बाईंच्या क्वार्टरवर गेले, वाटी दिली. बाई म्हणाल्या, वहिनी, तुम्ही कशाला आलात? थाळ्या तर रात्रीच ओतून झाल्या होत्या, मिठावाचून. उकळलेलं फुकट जाईल म्हणून. तरी त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि मला बसा म्हणाल्या. मी बसले नाही. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता, तेवढा पाहिला नि आले.

आठवडा गेला. मास्तर एका संध्याकाळी लवकर घरी आले, हातपाय न धुता ओसरीवर बसून राहिले. तलावाच्या थेंबाच्या थाळीत पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके उगवले होते. माशांचं पाणी खाऊन मजेत होते ते, पण वडी त्यांनी जशीच्या तशी ठेवली होती. आपल्या जंतूंना ती पचत नाही, हे ठीकच. पण बाटलीतल्या थेंबाची थाळी कोरी. तिथं काहीच नव्हतं. एवढा गाजावाजा केलेला समुद्र एका वडीला ओरखडासुद्धा काढू शकला नव्हता. बाईंनी शाळेत सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे हेडमास्तर थट्टा करून गेले. बाई वेळेआधी घरी गेल्या.

मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या. त्या रात्री मी लाखोळीच्या डाळीबरोबर भात मागून घेतला, आणि जेवताजेवता म्हटलं, भावाला निरोप धाडा, मी माहेरी जाते. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मास्तर मान हलवत जेवले. जेवण झाल्यावर माझ्या माहेरच्या रस्त्याचं, नावेचं, बंडीत गवत किती घालायचं याचं बोलले. माझ्याशी, माझ्या विषयावर. मला वाटलं, पीडा टळली.

निरोप जाऊन भाऊ येईपर्यंत पुन्हा आठवडा गेला. भाऊ आला त्याच संध्याकाळी मास्तर शाळेतून जवळजवळ पळतच आले. बाईंनी पुन्हा वडी लावली होती, या खेपेला मीठ घालून. कोरी थाळी नेमकी काय मागत होती हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, फक्त बोलून दाखवलं नव्हतं. आणि आता थाळीत खड्डे पडले होते. प्रत्येक ठिपक्याभोवती वडी खचली होती, आणि खड्ड्यात पाणी होतं. मास्तर हातवारे करून सांगत होते. भावाला काही कळलं नाही. "म्हंजे खराब झाली म्हना," तो म्हणाला, आणि मास्तर त्याला नाई नाई म्हणत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांचा असा चेहरा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मी रात्रभर कूस बदलत राहिले. जावं तर हे, न जावं तर भाऊ दुसऱ्यांदा रिकामा परत, आणि वर सातवा सरत आलेला. पहाटे उठून मास्तरांना म्हटलं, जाण्याआधी मला ती थाळी पाहायची आहे. ते इतके खूश झाले की मला त्यांची दया आली. बंडी शाळेपुढे उभी करू म्हणाले.

शाळा भरायला अवकाश होता. बाई खोलीतच होत्या. बाटली खिडकीत होती, बूच घट्ट लावलेलं. मास्तरांनी थाळी माझ्या हातात दिली, तिरपी करून दाखवली. आणि खोटं कशाला बोलू, पाहण्यासारखं होतं ते. काचेत थिजलेली स्वच्छ वडी, तिच्यात मुगाएवढे खड्डे, तळाशी पाणी. कुणी चमच्यानं कोरून खाल्ल्यासारखं. मला ती वडी करून खायची होती, आणि माझ्याआधी समुद्रातलं कुणीतरी ती खाऊन बसलं होतं. तेवढ्यात हेडमास्तरांनी बोलावलं म्हणून मास्तर गेले. आम्ही दोघीच उरलो.

बाई म्हणाल्या, "वहिनी, हे तुमच्या मिठानं झालं."

ती पितळेची वाटी टेबलावर होती. तळाशी चिमूटभर मीठ उरलं होतं. मी विचारलं, बाकीचं कुठं गेलं? म्हणाल्या, घरी आमटीला तेच घालते, संपतच आलं आता.

माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. आधी ठरवून गेले असते तर जीभ उचलली नसती.

"मंग त्या मिठाले जागा, बाई," मी म्हटलं. "मी चार महिने घरी नाई."

बाईंनी काय म्हणून विचारलं नाही. रागावल्या नाहीत. माझ्या पोटाकडे पाहिलं, मग थाळी माझ्या हातातून घेतली नि तिच्यावर झाकण ठेवलं. झाकणावरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं आता काही तरी खरमरीत बोलतील, आणि मी त्याला तयार होते. माझ्याकडे उत्तरं होती.

"जाऊन या, वहिनी," त्या म्हणाल्या. "सुखरूप या."

मी बंडीत बसले. मास्तर वेशीपर्यंत बंडीबरोबर चालत आले. वैनगंगेला पाणी कमी होतं, नाव वाळूला घासत गेली. पलीकडे गेल्यावर मागे वळून पाहिलं तर इकडचा किनारा नुसता झाडांचा. मूल काही तिथून दिसत नाही, तरी पाहिलं.

मुलगा झाला. बारशाला मास्तर आले. मी बाजेवर पडल्या पडल्या कान टवकारून होते. एक दिवस गेला, दुसरा गेला, "बाई म्हणतात" आलं नाही. पोराच्या नाकाचं बोलले, धानाच्या भावाचं बोलले, सासूबाईंच्या गुडघ्याचं बोलले. मला वाटलं मी जिंकले. मग निघायच्या दिवशी पोराला मांडीवर घेऊन, माझ्याकडे न पाहता म्हणाले की तू गेल्यापासून बाईंनी थाळ्यांचं काम सोडलं. घंटा झाली की घरी जातात. भावाचं जेवण करायचं असतं म्हणतात. म्हणाले, आधी नसायचं का भावाचं जेवण? मी म्हटलं, असेल काही. ते म्हणाले, असेल.

मूलला परत आले तेव्हा सायन्सच्या खोलीत थाळ्या वाळून त्यांच्या पापड्या झाल्या होत्या. मास्तरांनी एकट्यानं चालवून पाहिलं होतं, पण प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. उन्हाळ्यात बाईंच्या भावाची बदली झाली. जाण्याआधी बाई पोराला पाहायला आल्या. दिवसाढवळ्या आल्या, मास्तर घरी नसताना. आमची पितळेची वाटी घासून लख्ख करून आणली होती. भांडं रिकामं परत करू नये म्हणून तिच्यात काही तरी ठेवून वर कागद बांधला होता. त्या गेल्यावर मी कागद सोडला. चायना ग्रासचं पाकीट होतं.

मास्तरांनी कबूल केलेलं दुसरं पाकीट कधी आलं नव्हतं. मला काय हवं होतं ते माझ्या नवऱ्याच्या लक्षात राहिलं नाही, आणि तिच्या लक्षात राहिलं. तिनं आमच्या मिठालाही जागून दाखवलं, वर हे. तिनं माझं ऐकलं नसतं, चार महिने मनसोक्त थाळ्या लावल्या असत्या, तर मला तिचा राग तरी करता आला असता. आता रागही गेला, राहिली ती नुसती जळजळ. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. घर ज्याचं त्यानं राखायचं असतं. पण त्या पाकिटाची वडी मी केली तेव्हा मास्तरांनी एक तुकडा खाल्ला नि खिडकीबाहेर पाहत म्हणाले की ही आपल्या पोटातही पचत नाही, जशी जाते तशीच बाहेर पडते. मी उरलेली वडी पोरांत वाटून टाकली.

मास्तर पुन्हा पहिल्यासारखे झाले. मोजकं बोलणं, पुस्तक, भात. मला हवे होते तसे मिळाले. संसार चांगला झाला, कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. आणखी दोन मुली झाल्या. बाईंचं नाव घरात कधी निघालं नाही, आणि मीही काढलं नाही. मला वाटे, विसरले.

थोरल्याची कोकणात बदली झाली, तेव्हा आम्ही दोघं तिकडं गेलो. मास्तर सत्तरी ओलांडलेले, हातात काठी. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. मुलानं किनाऱ्यावर नेलं आणि तो वास आला. मी पदर नाकाला लावला. शेवाळाचे ढीग पडले होते, बाईंनी सांगितले होते तसेच, अर्धे ओले, अर्धे काळे पडलेले. मी समुद्राकडे पाहत होते. एवढं पाणी पहिल्यांदाच पाहत होते. मास्तरांनी पाण्याकडे नीट पाहिलंही नाही. ते काठी रोवून खाली बसले, शेवाळाचा एक झुबका उचलला, बोटांत चोळला. बोटांना बुळबुळीत लागलं. ते पुन्हा पुन्हा चोळत राहिले. मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पचत आहे बघ, असं काही सांगतील.

"मी त्याइले काई बोललो असन का वं?" ते म्हणाले. "त्याइनं काम काऊन सोडलं, मले आजवर समजलं नाई."

कोण ते सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं हा माणूस मी वाढलेला भात खात होता, माझ्या शेजारी निजत होता, आणि आपलंच काही चुकलं असेल म्हणून मनात तेच ते घोळवत होता. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी चुकलेच नव्हते, तर सांगायला काय हरकत होती? ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही. पण ते त्यांच्या हातात दिलं असतं, तर उरलेले दिवस ते तिच्याच बाजूचे झाले असते.

मी त्यांच्या बोटांतला झुबका काढून टाकला.

"मले काय ठाऊक," मी म्हटलं. "हात धुवा, अन् चला घरी."